छत्तीसपैकी साडेअकरा

लाल चौकट आली तेव्हा आई मटार सोलत होती.
"बघ गं, ते परत ठणाणा करतंय," म्हणाली,
आणि मोजल्यासारखे दाणे टाकत राहिली.

एकोणीस धोके.
कोपरखैरण्याच्या आमच्या दीड खोलीत
एकोणीस जण कधी शिरले कळलं नाही.
खिडक्या तर आम्ही दहानंतर लावूनच घेतो,
एमआयडीसीकडचा वास येतो म्हणून.

सगळ्यांचा पत्ता एकच निघाला:
डाउनलोड्स, मोफत गुणमेलन, संपूर्ण आवृत्ती.
"आई, हे तू घेतलंस?"
"फुकट होतं.
गुरुजी एका पत्रिकेचे दोनशे घेतात.
तुला एक्केचाळीस स्थळं झाली. हिशेब कर."
मी केला नाही.
आठ हजार दोनशे.

आधी नेटची वायर उपटली.
मग सेफ मोड: काळा पडदा, मोठी ओबडधोबड अक्षरं,
चष्मा हरवलेल्या माणसाला दिसावं तसं सगळं.
पहिल्या फेरीत सतरा गेले.
उरलेले दोघं रीस्टार्ट केलं की परत,
आमंत्रण नसलेल्या आतेभावासारखे
चप्पल काढून थेट आत.
एक स्टार्टअपच्या यादीत सापडला,
नाव काय, तर "सिस्टिम मदतनीस".
इतकं सोज्वळ, की संशय यायलाच हवा होता.
दुसरा त्या गुणमेलनाच्या पोटातच.

पुसण्याआधी फोल्डर उघडला. उघडायला नको होता.
माझ्या नावासमोर एक्केचाळीस नावं:
कळव्याचा सत्तावीस गुणांचा, पनवेलचा एकोणीस,
एक कामोठ्याचा तेहेतीस, ज्याने फोनच उचलला नव्हता.
आणि सगळ्यांच्या खाली, रात्री दोन चाळीसला साठवलेलं:
वधू कुमुदिनी. वर दत्ताराम.
सहा वेळा.

जन्मवेळ दर खेपेला वेगळी.
आई मुरबाडकडची, तिची वेळ कुणी लिहिलीच नाही,
"गुरं सुटायच्या सुमाराला" एवढंच.
तर त्या रात्री तिने ती गुरं सोडून पाहिली होती
सहाला, सव्वासहाला, साडेसहाला,
सहा चाळीसला, पावणेसातला,
शेवटी चक्क सातला.
साडेअकरा, साडेअकरा, साडेअकरा,
साडेअकरा, साडेअकरा.
सातला तर दहाच.
नाडीदोष: आहे.

मी मागे वळून पाहिलं नाही.
शाळेत बाई सांगायच्या, छत्तीस लिहून बघा,
तीन आणि सहा, पाठीला पाठ.
आमच्याकडे तो आकडा चौतीस वर्षं
एकाच पलंगावर झोपतो,
मधे एक उशी.

तीन बटणं आली.
डिलीट, क्वारंटाईन, इग्नोअर.
आई आता खुर्चीमागे उभी, हातांना शेंगांचा हिरवा वास.
"क्वारंटाईन म्हणजे ते चौदा दिवसांचं?"
"नाही, हे कायमचं. घरातच राहतं,
पण बंद खोलीत. कुणाला लागत नाही."
बराच वेळ ती काही बोलली नाही.
"मग तसंच कर," म्हणाली. "पुसू नकोस."

दीडला यादी रिकामी झाली.
बँकेचा पासवर्ड बदलला, गॅसच्या बुकिंगचा पण.
बाबा पाण्यासाठी उठले,
"झाला का बरा?" विचारलं, उत्तरासाठी थांबले नाहीत,
परातीतले चार कच्चे दाणे तोंडात टाकले.
आई त्यांच्याकडे न बघताच म्हणाली,
"किडका होता त्यात एक. थुंका,"
आणि तळहात पुढे केला.