सरकतं बटण

सांतान फर्नांडिस होडीच्या दिव्याचं बटण घेऊन आला.
चौथं.
आतून हिरवं, न्हाणीतल्या दगडासारखं.
"बाजारातला नको माका. तूच कर, टिकतला असा."

टिकेल असं.
छत्तीस वर्षं एसटीच्या डेपोत वायरी जोडल्या मी,
वेंगुर्ल्याचा खारा वारा
स्क्रूच्या आट्यांतूनही आत शिरतो.

डब्याचा पत्रा आठ दिवसांत तांबेरला.
तांबं गुणी, विजेला अडवत नाही,
पण मिठाच्या बशीवर ठेवलं
तर तिसऱ्या सकाळी त्यावर हिरवी साय.
पितळ जरा उशिरा, त्याच वाटेने.
पेन्सिलीचं शिसं घासता घासता संपलं.
सोन्याचा विचार केला.
विचारच केला.

मग आठवला बंदरावरचा बंद बर्फाचा कारखाना.
त्याचा स्टार्टर भंगारात, इस्माईल मुजावरच्या पोत्यात,
आणि त्याच्या जबड्यात चांदीच्या टिकल्या,
मसुरीएवढ्या, काळ्या.
चांदी काळी पडते, पण हट्ट धरत नाही,
जरा घासलं की वाट देते.
त्या पट्टीवर डागल्या.
वर सरकायला टेलिफोनच्या जुन्या रिलेचं पातं,
फॉस्फर ब्रॉन्झचं, चिवट.
एक मऊ, एक कठीण.
दोन्ही एकाच धातूचे असले
की एकमेकांना ओरबाडतात;
हे वाया गेलेल्या पात्यांनी सांगितलं.
दाब बोटाने ठरवला:
कमी पडला तर ठिणगी, जास्त झाला तर झीज.
मोजायचं यंत्र असेल कुठेतरी.
बोंडाला करवंटीचा तुकडा, घासून गुळगुळीत.

"किती दिस चलतला?"
वापरशील तितके, म्हटलं.
पडून राहिलेलं बटण आधी मरतं.
सरकताना पातं आपली वाट आपणच पुसतं.
बंदीच्या दिवसांत, होडी झापांखाली असताना,
रोज दहा वेळा पुढे-मागे कर.
काम असो, नसो.

तो हसला. पैशांऐवजी
पाच बांगडे ठेवून गेला.

आता दर्या बंद.
दिवेलागणीला त्याच्या आवाठातून
धाकट्या फिलूचं मोजणं ऐकू येतं,
आणि झापांच्या फटींतून उजेड
येतो, जातो, येतो.
सात.
आठ.
नऊला घरातून कुणीतरी हाक मारतं.

मी कप हातात धरून बसतो,
दहाव्यासाठी.