अठ्ठ्याण्णव

अठ्ठ्याण्णव म्हणजे 'माहीत नाही'.
नव्व्याण्णव म्हणजे 'उत्तर देण्यास नकार'.
सांगलीच्या हॉटेलात दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं,
त्यातलं एवढं मला झोपेतून उठवलं तरी येतं.

सावळजच्या पुढं, द्राक्षबागांच्या कडेला वस्ती.
चौदा पानी फॉर्म, निळा थर्मास,
त्यात तासगावच्या आइस्क्रीमवाल्याकडून मागून घेतलेला बर्फ
आणि रिकाम्या नळ्या.

प्रश्न सदतीस : बागेत औषध कोण फवारतं?
हौसाक्का ऐवळे म्हणाली, "मालकाचा ल्योक. ब्लोअरवर."
मी गोल केला.
तिथून पुढचे अकरा प्रश्न गाळायचे,
कागदावर तसा बारीक बाण होता.

"आन् आमचं डिपिंग?"

मगात औषध, मगात घड,
घड वर, हात वर,
औषध मनगटावरून कोपरापर्यंत, कोपरावरून काखेत.
दिवसाला किती झाडं, ते मुकादमीण मोजते.
किती मग, ते कोणी मोजत नाही.
डिपिंगला रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं.
समास संगणकात जात नाही.

संमतीपत्रावर तिनं सही केली,
साक्षरता वर्गात शिकलेली,
'ऐ'वरची मात्रा दोनदा तपासलेली सही.
मग मी सांगितलं, नाव गुप्त राहील,
तुमचा नंबर एकशेचौदा.
ती हसली. "झाकायचंच हुतं तर
एवढं ल्ह्यायला कशाला लावलंस गं?"

नर्सनं पाच मिली रक्त घेतलं.
एक साबण दिला, एक बिस्किटाचा पुडा.

तीन वर्षं गेली.
रक्त पुण्याला गेलं, तिथून हैदराबादला,
आकडा होऊन परदेशातल्या कुठल्याशा सभेत
पडद्यावर उमटलं.
मला त्या पडद्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर आला :
पुष्कळ ठिपके, मधून एक तिरकी रेघ.
हौसाक्का त्यातली कुठली,
मी फोटो मोठा करकरून पाहिला.

दाखवायला गेले. कोणी पाठवलं नव्हतं,
प्रवासभत्ता नव्हता, दुपारची एसटी चुकली.

तिच्या भिंतीवर पतसंस्थेचं कॅलेंडर,
चौकोनाचौकोनात टिकल्या.
लाल म्हणजे डोकं. हिरवी, डोळे.
मोठी मरून, उलटी.
"टोळीत अकराजणी. तिघींस्नी ल्ह्याया येतं.
टिकली समद्यास्नी येती."
डिसेंबर गच्च भरलेला,
चौदा तारखेच्या टिकल्या
मावेनात म्हणून पंधरात घुसलेल्या.
त्या दिवशीच्या बाटलीचं लेबल
सोलून पानामागं चिकटवलेलं.

"ग्रामसभेत न्हेलं हुतं. सरपंच म्हनला,
ह्यो काय पुरावा हाय व्हय?
म्या म्हनलं, मग तुमी द्या की."
पुढं काय झालं?
"च्या पी," म्हणाली.

फोनवरचा ठिपका तिनं बोटानं खरवडून पाहिला.
"ह्यो निघत न्हाई की."

मग टिकल्यांची पुडी पुढ्यात ठेवली.
"आता मी इचारती. तू कुटली?"
मणेराजुरीची.
"आई जायाची डिपिंगला?"
जायची.
"मग तिचं हात कसं हाईत?"

प्रश्न मला कळला होता.
पर्याय वाचून दाखवायची गरज नव्हती.
आईशी रोज बोलते मी, रात्री नऊनंतर,
जेवण, गॅस, भावाची नोकरी.
हात.
तिचे हात.

कप गार होत गेला.
जिभेवर आकडा आला होता,
तो मी कितीतरी वेळ
तिथंच धरून ठेवला.