बेवड

मोल्टन चॅपलच्या त्या मागच्या वाफ्यात
ईनिड थर्लबीच्या लिली
यंदाही गुडघ्याएवढ्याच.
पानं कडेनं पिवळी, कळ्या न उघडताच गळालेल्या,
आणि उपटून पाहावा तर कंद
लसणाच्या कुडीएवढा.

मूठभर माती मी स्पॉल्डिंगला प्रयोगशाळेत नेली,
जेवणाच्या डब्याशेजारी ठेवून.
सूत्रकृमी नाहीत. बुरशी नावापुरती.
कस तर असा, की बांधावरचं गवत माजलंय.
नळीत उतरलं ते निराळंच:
दोन-तीन आम्लं,
लिलीच्याच मुळांनी थेंब थेंब पाझरून ठेवलेली,
अकरा हंगाम.
आपल्याच लेकरांना आपलाच मज्जाव.

'जागा बदला,' मी म्हटलं.
'सिरिलनं इथेच लावल्या होत्या,' ती म्हणाली,
'भांडी घासताना हाच वाफा दिसतो.'
आणि किटली ठेवायला उठली.

आमच्याकडे याला शब्द आहे, बेवड.
आधीचं पीक मातीत जे ठेवून जातं, ते.
हरभऱ्याचा चांगला म्हणतात.
इंग्रजीत सांगायला गेले आणि अडले.
शेवटी म्हटलं, विन्सोव्हर रोडवर खोली घेतली तेव्हा
भिंतींत आधीच्या भाडेकरूचं माशांचं तळण मुरलेलं.
दोनदा रंग दिला.
ओलसर दिवशी तरी यायचंच.
ती हसली. 'आणि तू सोडलीस तेव्हा?'
तेव्हा हिंग, दुसरं काय.

गाडीत बसल्यावर सुचलं,
आठ वर्षं राहिले त्या खोलीत,
स्वतःच्याच फोडणीत,
आणि शेवटची दोन
माझंही काही धरलं नाही.

सप्टेंबरात दोघींनी वाफा उकरला.
एकोणचाळीस कंद, त्यातले धड सात.
ते कुंपणाशी लावले, वाटाण्याच्या जुन्या जागेवर,
जिथे खिडकी पोचत नाही.
रिकाम्या वाफ्यात मी मोहरी फेकली,
ईनिडनं पाठ फिरवून हातमोजे झटकले.

नोव्हेंबरात तिचा फोन.
धुकं चरांच्या पाण्यावर बसलेलं असणार, तिकडे बसतं तसं.
'तुझी मोहरी फार उंच झालीय,' ती म्हणाली,
'पलीकडचं काही दिसत नाही.'

कापू का, विचारलं.

बराच वेळ नळाचं पाणी वाहत होतं.
'असू दे,' म्हणाली,
'थंडीनं पडेल तेव्हा पडेल.'