अंगठ्याखाली

जालन्याच्या एमआयडीसीत, बियाणे कंपनीच्या गेटवर
माझी बी.एस्सी. उभी राहिली
प्लास्टिकच्या फायलीत, घामेजलेली.
त्याआधी बऱ्याच जागी उभी राहून आली होती.
मंठ्याच्या एका शाळेत पगाराचं विचारलं, तर
मॅडम म्हणाल्या, अनुभव मिळतोय ना.
एका पतसंस्थेत साहेब आलेच नाहीत;
शिपायाने पाणी दिलं
आणि मी पिईपर्यंत ग्लाससाठी थांबून राहिला.

इथे मुलाखत चार मिनिटांची.
बागडियासाहेबांनी फाईल उघडलीच नाही.
"मोजता येतं का?"
हो म्हणाले.
"शंभरापर्यंतच मोजायचंय. पण दिवसातून साठ वेळा."
नऊ हजार पाचशे. पीएफ जाऊन
आठ हजार तीनशे साठ.
वाटूर फाट्यावरून सातची एसटी.

एप्रन मिळाला, ढगळ,
खिशावर लाल दोऱ्यात आधीच्या मुलीचं नाव: दीपमाला.
ती कुठे गेली, मी विचारलं नाही.
पप्पा टेलर. रात्री त्यांनी तो दोन्ही बाजूंनी आत घेतला,
ब्लेडच्या टोकाने नाव उसवलं, एकेक टाका,
म्हणाले, "तुझं घालू का?"
म्हटलं, राहू द्या. तीन महिने प्रोबेशन आहे.
ते लाल दोऱ्याचे तुकडे
तळहातावर घेऊन बसून राहिले थोडा वेळ.

शाहेदाबी एकोणीस वर्षं इथे मोजतात.
शिक्षण सातवी, माहेर जाफराबाद.
ओल्या कागदाची गुंडाळी उलगडतात,
आत सोयाबीनचे शंभर दाणे, आठव्या दिवसाचे.
हे सरळ. हे वाकडं, मूळच नाही, नापास.
हा कुजला.
आणि हे तीन? नुसतेच फुगून बसलेले,
ना मोड, ना बुरशी.
मी "मृत" लिहायला गेले
तर त्यांनी मनगटच धरलं.

"अगं, काय लिहायलीस? दाबून तर बघ."
अंगठ्याखाली एक पचकन फुटला, आंबूस.
दुसरा तसाच. घट्ट.
"हा मेला नाही. ह्याला आत्ता यायचं नाही, एवढंच.
ह्याचा रकाना वेगळाय."

तीन वर्षांत हे कुणी शिकवलं नव्हतं,
किंवा शिकवलं असेल, तेव्हा मी
फळ्यावरचं उतरवून घेत असेन.

दुपारी डबा खाताना प्रणिता आठवली,
संभाजीनगरच्या अभ्यासिकेत चौथं वर्ष,
खुर्चीला ओढणीची गाठ मारून जागा धरणारी.
म्हटलं, शाहेदाबी, माणसांचंही असंच असतं, नाही?
त्या भाकरी मोडत होत्या.
"माणसाला दाबून बघायचं नसतंय.
दाणा दाण्यासारखा मोज. जेव."

महिन्याअखेर एक लॉट एकोणसत्तरवर थांबला.
पास व्हायला सत्तर लागतात.
(बी.एस्सी.ला मला अडुसष्ट. तिथे चाललं.)
गोडाऊनवरून फोन आला:
मॅडम, नीट बघा, एखादा सुटला असेल.
मॅडम. आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हटलं,
आणि ते यासाठी.
पुन्हा मोजले. चारी गुंडाळ्या. दाबून पाहिले.
शाहेदाबी माझ्याकडे बघत नव्हत्या,
मुद्दाम, हात पुसत होत्या
केव्हाच कोरडे झालेले.
एकोणसत्तर.
खाली सही केली. परीक्षेच्या हजेरीपटाबाहेर
माझी सही अशी कुठे लागलीच नव्हती,
तर जरा मोठीच झाली, रकान्याबाहेर गेली.

परतीच्या एसटीत अंगठ्याला वास येत होता.
खिशावर नावाची बारीक भोकं अजून तशीच;
धुतल्यावर बुजतील, पप्पा म्हणाले होते.

घरी त्यांनी एप्रन घेतला, उजेडात धरला.
"आता तरी घालू का नाव?"
म्हटलं, उद्या सांगते.