वरची मिरची

मिरजेत, म्हैसाळ रस्त्याला, जकातीचा जुना नाका आहे.
जकात गेली. आडवा बांबू मात्र
अजून भिंतीला टेकून उभा,
एका टोकाला तोच दगड बांधलेला.
त्याच्यावर आता रिकामी पोती वाळतात.

बुधवारी नि शनिवारी, सहाच्या ठोक्याला, शटर वर जातं.
आत ढवळीची वांगी, बेडगचा चाकवत,
टाकळीच्या पारिसा मगदुमांचा शाळू,
आणि एक शीतपेटी, कुणाच्या तरी बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातली;
लाथ बसल्याशिवाय तिचं दार लागत नाही.

फळ्यावर दर मी लिहितो.
अक्षर चांगलं आहे माझं,
एकोणतीस वर्षं याच खिडकीत पावत्या फाडून झालेलं.
वांगी : तीस.
खाली बारीक, शकीला बागवानच्या हट्टानं :
पिकवणाऱ्याला पंचवीस, नाक्याला पाच.
"कळू दे की लोकांना, नाकेदार," ती म्हणते.
नाकेदार म्हणते अजून. मी काही बोलत नाही.

पूर्वी ढवळीचं वांगं
रात्रीच्या टेम्पोनं पुण्याला जायचं,
लिलावात गावाचं नाव हरवायचं,
आणि तिसऱ्या दिवशी मिरजेत परत यायचं
देठ सुकवून, दुप्पट भावानं,
जन्मल्या जागेपासून दोन कोसांवर
परक्यासारखं.
आता सायकलवरून येतं.
देठाचे काटे बोटाला लागतात.

दवाखान्यांचं गाव हे.
अथणीहून, उगारहून, जतहून माणसं येतात :
एक खाटेवर, दोन खाटेखाली.
खाटेखालच्यांनाही भूक लागते
याची नोंद कुठल्या केसपेपरवर नसते.
ती इथं येतात. पावशेर मागतात. छटाक मागतात.
एका बाईनं एकच कांदा मागितला.
शकीलानं तो काट्यावर ठेवला, "तीन रुपये" म्हणाली,
असाच ने म्हणाली नाही.
बाईनं पदराची गाठ सोडली, मोजून दिले,
आणि मागच्या शेगडीवर
इथल्याच पिठाची भाकरी थापत बसली,
स्वतःच्या स्वयंपाकघरात बसल्यासारखी.

आता माझं सांगतो.

कागदावर भाजीला जकात माफ होती.
कलम मला पाठ होतं.
तरी बांबू उचलायचो नाही मी.
"खाली काय आहे बघू दे," म्हणायचो.
खाली काही नसायचं. खाली चुंबळ, चुंबळीखाली बाईचं डोकं.
मग मूठभर वांगी
माझ्या खुर्चीमागच्या पिशवीत पडायची
आणि बांबू आपसूक वर जायचा.
एकोणतीस वर्षं माझ्या घरी भाजी विकत आली नाही.
बायको म्हणायची, बरकत आहे हो तुमच्या नोकरीला.

गेल्या शनिवारी ढवळीची बाळाक्का खोत आली.
नातवाच्या सायकलमागं बसून, पाटी मांडीवर.
तिनं खिडकी बघितली. बांबू बघितला. मला बघितलं.
"तुमीच न्हवं का ओ ते?"
"होय," म्हणालो.
तिनं पुढं काही विचारलं नाही.

माझ्या पुढं उगारची एक पोर,
मनगटावर दवाखान्याची निळी पट्टी, आईची की तिची कळलं नाही.
पावशेर वांगी. बाळाक्कानं ती ओंजळीनंच दिली,
वर चार मिरच्या, वर कढीपत्त्याची काडी,
"तगो," म्हणाली, तिच्या भाषेत.

मग मी. अर्धा किलो.
काटा जरा खाली होता.
तिनं एक वांगं काढलं, बारकं टाकलं,
तेही काढलं, त्याहून बारकं टाकलं,
काटा सरळ उभा राहीपर्यंत हात बाजूला धरला.
पंधरा रुपये मोजून घेतले.
वर काही नाही.
एक मिरचीसुद्धा नाही.

फळ्यावर मिरचीचा दर लिहायचा राहिला होता.
तो लिहिला.
खडूचा हात धोतराला पुसला
आणि बाळाक्काच्याच रांगेत, शेवटी,
पुन्हा जाऊन उभा राहिलो.
दहाची मिरची घ्यायची होती.