सहा चाळीस

लेम्बित दवाखान्यात येतो तेव्हा
टोपी काढत नाही, बसतही नाही,
आधी वही ठेवतो टेबलावर.
निळी, आखीव, फेरी कंपनीची.
छत्तीस वर्षं हीउमा बेटाच्या धक्क्यावर
यानं बोटी सुटल्याच्या वेळा लिहिल्या.
आता बोटी हाताशी नाहीत,
तर स्वतःच्याच लिहितो.

मंगळवार : नाही.
बुधवार : नाही.
गुरुवार : सहा चाळीसला बसलो, सात दहाला उठलो. नाही.
शुक्रवार : थोडं. लेंड्या.

आणि माझ्याकडे असा बघतो
की फेरी मीच रद्द केलीय.

"सिस्टर, जन्मभर सहा चाळीस.
सैन्यात सहा चाळीस. लग्नाच्या दिवशीसुद्धा.
अंगणातल्या संडासाच्या दाराला
पत्त्यातल्या बदामाएवढं, बदामाचंच भोक आहे,
त्यातून ऊन गुडघ्यावर पडलं की समजायचं, मे लागला.
माझं दार वाजलं की हेल्यू अंडी उकडायला टाकायची."

मी विचारायचं ते विचारते.
रक्त? नाही.
वजन? पट्ट्याचं भोक तेच.
दुखतं? "लाज दुखते."
खातोस काय?
पांढरा पाव, सॉसेज, कॉफी.
राईचा काळा पाव हेल्यू भाजायची.
ती गेली त्याच आठवड्यात
लाकडी बादलीतलं आंबवण मेलं.

मी सांगायचं ते सांगते.
दिवसातून तीनदा जाणारा ठीक,
आठवड्यातून तीनदा जाणाराही ठीक,
मधे केवढा समुद्र आहे बघ.
ज्याचं त्याचं वेळापत्रक.
पण ते बदललं आणि बदललेलंच राहिलं
तर अंगावर काढायचं नाही,
म्हणून ही डबी घे, तपासणीला पाठवू.
बाकी पाणी, सुके आलुबुखार, चालणं.
आणि कुंथत बसायचं नाही अर्धा अर्धा तास.

"आठवड्यातून तीनदा? हे कुणाचं ठीक?"
अर्ध्या बेटाचं, लेम्बित.
हिवाळ्यात बर्फावरचा रस्ता रोज उघडायचा का?
"जाडी भरली तरच," तो म्हणतो,
धक्क्यावरचा माणूस, खोटं बोलवत नाही.
डबीवर तारीख आणि वेळ लिहायला
दोन रेघा आहेत, त्या बघून जरा खुलतो.

पुढच्या सोमवारी वही नव्हती.
पिशवीत भिंतीवरची जुनी कॅलेंडरं,
अकरा वर्षांची, हेल्यूच्या कप्प्यातली.
तारखांखाली पेन्सिलीचे बारीक गोल.
"मला वाटायचं, कोंबड्यांचा हिशोब."

कोंबड्या तर केव्हाच विकल्या होत्या.

मी बोट ठेवत गेले.
दिवसाआड. दिवसाआड. कधी दोन दिवस सोडून.
नाताळात चार दिवस कोरे,
मग एक गोल, दोनदा गिरवलेला.
कप्प्यात सोनामुखीची पाकिटंही होती म्हणे,
खोकाभर.

"पाहुण्यांसमोर मी म्हणायचो,
आमच्या घरात एकच घड्याळ चालतं.
ती हसायची.
अंडी सोलायची."

दिवसाआड म्हणजे
माझ्या तक्त्यात अगदी धडधाकट बाई.
हे कुणी तिला सांगितलं नाही,
आणि तिनं विचारलं नाही,
कारण विचारायचं कुणाला,
ज्याच्या दारावर घर उठायचं त्याला?
चव्वेचाळीस वर्षं पोटात ठेवलं.
असं मी म्हणाले नाही. ती म्हण
आपल्या आपणच टेबलावर येऊन बसली.

लेम्बितनं टोपी काढली.
खाली केसांची एक पांढरी बट
गाढ झोपेतून उठल्यासारखी.

मग खिशातून डबी काढून दिली,
झाकण घट्ट, तारीख नीट.
वेळेची रेघ रिकामी.

वेळ? मी विचारलं.

"अंधार होता," तो म्हणाला.
"आणि शेजारच्या विइवेनं
आंबवण दिलंय वाटीभर.
सिस्टर, ते रोज ढवळायचं असतं का?"