तारीख शून्य

वेंगुर्ल्याच्या बंदराकडे उतरताना डाव्या हाताला
इनास लुद्रिक यांचा स्टुडिओ.
सकाळी फोन आला होता:
"फोटोंचो प्रोग्राम उघडता, आणि तोंड मिटता."
कुडाळहून निघाले ती पिशवीत
पेचकस, ब्रश आणि नेहमीचं खोडरबर घेऊन.

आधी संशय खाऱ्या हवेवर. इकडे पहिली आरोपी तीच.
डबा उघडला: पंख्याच्या पात्यांवर मिठाची लव,
स्क्रू गंजून एकजीव.
रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात
खोडरबराने घासले, शाळेत चुकलेलं गणित घासावं तसे.
परत बसवल्या.
तीन हजार दोनशे अकरापर्यंत मोजलं त्याने
आणि खिडकी नाहीशी.
कुरकुर नाही, निरोप नाही.

प्रोग्राम काढला, पुन्हा घातला.
जुनी यादी पुसून नवी करायला लावली.
तीन हजार दोनशे अकरा.
इनास म्हणाले, "ह्या आकड्यात कोणतरी आसा."

मग मी वाटण्या केल्या.
अर्धे फोटो इकडे, अर्धे तिकडे,
जो अर्धा आपटेल त्याचे पुन्हा अर्धे;
बारशी, साखरपुडे, क्रिकेटचे चषक,
पासपोर्टसाठी श्वास रोखलेले चेहरे,
सगळे निर्दोष सुटत गेले.
चार वाजता हातात उरले एक्केचाळीस.

एकाच दुपारचे.
काजूच्या कारखान्याच्या पायरीवर सात बाया,
तेलाने काळी पडलेली बोटं, पायरीभर ऊन.
फोटोंत खोट नव्हती. खोट होती तारखेत:
दिवस शून्य, महिना शून्य, साल शून्य.
कॅमेऱ्यातला बटणाएवढा सेल तेव्हा मेला होता.

प्रोग्राम फोटो लावतो काळाच्या ओळीने.
ज्याला काळच नाही त्याला कुठे बसवायचं
हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"केव्हाचे हे?"
इनास छताकडे बघत राहिले.
"कारखानो बंद होवच्या आदी."
मग रस्त्यापलीकडे हाक मारली.

आनंदीबाई गिरप आल्या, हात पदराला पुसत.
पडद्यापाशी वाकून सातजणींची नावं घेतली,
दोन नावांपाशी थांबल्या.
मग स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं.
"चमकी नाय माझी. म्हणजे गहाण होती तेवा.
झिलाच्या आयटीआयची फी."
"साल?"
"पावती आसा. थांब."

पावती आली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, चार घड्यांची.
ठेवली बारा जूनला,
सोडवली चवतीच्या आदल्या दिवशी. दोन हजार नऊ.
त्या सव्वादोन महिन्यांत
ऊन पडलेली एक दुपार शोधायची होती.

"श्रावण धर," इनास म्हणाले.
"सोमवार नको," आनंदीबाई म्हणाल्या,
"सोमवारी उपास. ह्या तोंड उपाशी नाय."
म्हणून मंगळवार. अठ्ठावीस जुलै.
एक्केचाळीस फोटोंना एकदम लावली.
खरी तीच असेल असं नाही.
चुकलेली तारीख त्याला चालते,
नसलेली चालत नाही.

उघडला. अकरा, बारा, तेरा, थांबलाच नाही.
"जरा मोठो कर," आनंदीबाई म्हणाल्या.
नाक मोठं केलं. भोक दिसलं, बारीक.
"बरा," म्हणाल्या, आणि गेल्या;
चुलीवर काहीतरी होतं.

इनासनी तीनशे दिले. मी पावती फाडली.
मठच्या चढावर स्कूटर तिसऱ्यात टाकताना आठवलं,
तिच्यावर तारीख घालायची राहिली.